शिबिरानंतर काय? सेवाभावी क्लबांचे कार्य आणि गावाचा हिशेब

पुसेगाव हे नाव ऐकताच बहुतेकांना आठवते ते सातारा जिल्ह्यातील, सेवागिरी महाराजांच्या यात्रेमुळे सर्वदूर ठाऊक झालेले पुसेगाव. त्याच नावाचे दुसरे गाव मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात आहे. हिंगोली हा जिल्हा परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजारांच्या घरात होती आणि त्यातील सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहत होते. सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद यांवर जगणाऱ्या या भागाला मोठ्या उपचारांसाठी वर्षानुवर्षे नांदेडची वाट धरावी लागली आहे.

अशा गावांत शहरातील सेवाभावी क्लब पोहोचतो तो बहुधा एका दिवसासाठी. शाळेच्या आवारात मंडप पडतो, डोळे तपासले जातात, रक्तदाब मोजला जातो, मुलांना वह्या मिळतात, आभारप्रदर्शन होते आणि सायंकाळी गाड्या परततात. त्या एका दिवसाचे मोल कमी नाही. मात्र ज्या वृद्धेच्या डोळ्यांत मोतीबिंदू आढळला, तिचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या दिवसापेक्षा मोठा आहे. रोटरी, लायन्स, जेसीज, जायंट्स यांसारख्या संघटनांचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. मदत देऊन परत फिरणे आणि मदतीची व्यवस्था उभी करणे, या दोहोंतील अंतर ज्यांनी ओळखले, त्यांचेच काम टिकले.

शिकागोतील उगम

आधुनिक सेवाभावी क्लबांची जन्मभूमी अमेरिका होय. पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात आपल्या तीन व्यावसायिक मित्रांसह पहिली बैठक घेतली. खेड्यातून महानगरात आलेल्या माणसाला भासणारा एकटेपणा दूर व्हावा आणि व्यवसायात परस्परांचे साह्य व्हावे, एवढाच तिचा प्रारंभीचा हेतू होता. सभा आळीपाळीने एकेका सदस्याच्या कचेरीत भरत, म्हणून संघटनेचे नाव 'रोटरी' पडले. थोड्याच वर्षांत या मंडळाने शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे यासाठी पुढाकार घेतला. रोटरीच्या समाजकार्याचा हा आरंभ मानला जातो. आज जगातील दोनशेहून अधिक देश व प्रदेशांत तिच्या शाखा आहेत आणि सदस्यसंख्या बारा लाखांच्या आसपास आहे.

पुढील दशकात याच धर्तीवर इतर संघटना उदयास आल्या. १९१५ साली सेंट लुईस येथे हेन्री गिसेनबायर यांनी तरुणांची संघटना स्थापन केली. तिच्यातूनच 'ज्युनिअर चेंबर' म्हणजे जेसीज ही चळवळ वाढली. त्याच वर्षी डेट्रॉइट येथे किवानिस क्लब सुरू झाला. १९१७ साली शिकागोतील विमा व्यावसायिक मेल्विन जोन्स यांनी निरनिराळ्या व्यापारी मंडळांना एकत्र आणून लायन्स क्लबची उभारणी केली. व्यापाऱ्यांनी केवळ स्वतःच्या धंद्याच्या भरभराटीसाठी एकत्र यावे हे त्यांना अपुरे वाटत होते. सदस्यसंख्येच्या दृष्टीने लायन्स ही आज जगातील सर्वांत मोठी सेवाभावी क्लब संघटना गणली जाते.

या सर्व संघटनांमध्ये एक समान सूत्र आढळते. त्यांचे सदस्य पूर्णवेळ कार्यकर्ते नसतात. डॉक्टर, वकील, अभियंते, शिक्षक, आडते, दुकानदार अशी आपापल्या व्यवसायात स्थिरावलेली माणसे फावला वेळ आणि स्वतःचे पैसे खर्चून काम करतात. हेच या चळवळीचे बळ आहे आणि तिची मर्यादाही.

भारतात आणि महाराष्ट्रात

भारतात रोटरीचे आगमन १९१९ साली कोलकात्यात झाले. मुंबईचा रोटरी क्लब १९२९ मध्ये स्थापन झाला. आरंभीच्या काळात या क्लबांत युरोपीय अधिकारी व व्यापाऱ्यांचे प्राबल्य होते. स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. कोलकात्याचे नितीश लाहिरी हे १९६२-६३ या वर्षी रोटरीचे आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाले आणि हे पद भूषविणारे पहिले भारतीय ठरले. पुढे राजेंद्र साबू, कल्याण बॅनर्जी आणि शेखर मेहता यांनाही हा मान मिळाला. जेसीजचे काम भारतात १९४९ साली सुरू झाले. देशातील पहिला लायन्स क्लब १९५६ मध्ये मुंबईत स्थापन झाला.

महाराष्ट्राने या चळवळीला दिलेली स्वतंत्र देणगी म्हणजे 'जायंट्स'. नाना चुडासामा यांनी १९७२ साली मुंबईत ही संघटना स्थापन केली. पुढे ते मुंबईचे नगरपाल झाले. मरीन ड्राइव्हवरील त्यांचे खोचक फलक मुंबईकरांच्या दीर्घकाळ परिचयाचे होते. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. परदेशी संघटनेची शाखा न होता भारतीय भूमीतच सेवाभावी क्लबांचे जाळे विणता येईल, हा त्यांचा विश्वास होता. 'जायंट्स ग्रुप' या नावाने हे जाळे महाराष्ट्रातील लहान लहान गावांपर्यंत पोहोचले. महिलांचे गट 'सहेली' या नावाने काम करतात. १७ ते २३ सप्टेंबर हा काळ 'जायंट्स सप्ताह' म्हणून पाळला जातो. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनही असल्याने या भागातील गटांच्या सप्ताहाचा आरंभ ध्वजवंदनाच्या दिवशीच होतो.

सेवेची कल्पना महाराष्ट्राला शिकागोने शिकविली, असे मात्र नव्हे. ज्या १९०५ साली पॉल हॅरिस यांनी पहिली बैठक घेतली, त्याच वर्षी डेबूजी झिंगराजी जानोरकर यांनी घर सोडले. हातात खराटा घेऊन गावोगाव फिरणारे हेच गाडगे महाराज. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडायची, ही त्यांची रीत होती. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या आणि त्या चालविण्यासाठी विश्वस्त व्यवस्था लावून दिली. स्वतःकडे काहीही ठेवले नाही. शिबिर आणि संस्था यांतील फरक समजून घेण्यासाठी याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे. खराटा हातावेगळा झाल्यावरही त्या धर्मशाळा चालू राहिल्या.

हिंगोली जिल्ह्यातही ही परंपरा अनोळखी नाही. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी आणि ज्योतिर्लिंगाचे औंढा नागनाथ याच जिल्ह्यात आहेत. दिंडीतील वारकऱ्याला पाणी देणे, पंगतीला हातभार लावणे यासाठी येथे कोणत्याही सनदेची गरज पडली नाही. क्लबांनी या सेवाभावाला जी जोड दिली ती नियमित सभा, लेखी हिशेब आणि व्यावसायिक कौशल्य यांची.

रचना, पद आणि पैसा

क्लब हा या रचनेचा पाया. अध्यक्ष, सचिव व खजिनदार हे त्याचे प्रमुख पदाधिकारी. अनेक क्लब मिळून प्रांत होतो आणि त्याचा प्रमुख प्रांतपाल म्हणून ओळखला जातो. रोटरीच्या रचनेत मराठवाड्याचा मोठा भाग ३१३२ या प्रांतात मोडतो. सभासदत्व बहुधा निमंत्रणाने मिळते. रोटरी व लायन्स यांचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते. म्हणूनच जुलै महिन्यात वृत्तपत्रांची पाने पदग्रहण समारंभांच्या वृत्तांनी भरलेली असतात.

पैसा तीन मार्गांनी येतो. पहिला मार्ग सदस्यांची वर्गणी व देणग्या. दुसरा मार्ग संघटनांच्या मध्यवर्ती निधीचा. रोटरीचे आर्च क्लम्फ यांनी १९१७ साली अशा निधीची कल्पना मांडली आणि त्यातून रोटरी फाउंडेशन उभे राहिले. लायन्सचे प्रतिष्ठान १९६८ मध्ये स्थापन झाले. तिसरा मार्ग कंपन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्याने विशिष्ट मर्यादेपलीकडील कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करण्याचे बंधन घातले. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली आणि अनेक क्लब कंपन्यांचा निधी गावापर्यंत नेणारे दुवे बनले.

येथे एक नियम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. रोटरी फाउंडेशनच्या जागतिक अनुदानासाठी प्रकल्प किमान ३० हजार डॉलरचा असावा लागतो. तो दोन वेगवेगळ्या देशांतील क्लबांनी मिळून मांडावा लागतो आणि संबंधित गावाची गरज आधी पाहणी करून नोंदवावी लागते. अनुदान संपल्यावर काम कोण चालविणार, याचेही उत्तर अर्जातच द्यावे लागते. वस्तू वाटून मोकळे होण्याच्या पद्धतीतून आलेल्या अनुभवानंतरच अशा अटी घालाव्या लागतात, हे उघड आहे.

महिला आणि तरुण

या संघटनांची दारे महिलांसाठी दीर्घकाळ बंद होती. रोटरी सदस्यांच्या कुटुंबातील महिलांनी १९२४ साली मँचेस्टर येथे 'इनर व्हील' हा स्वतंत्र क्लब काढला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये रोटरीच्या विरोधात निकाल दिला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभर महिलांना सदस्यत्व खुले केले. लायन्सने हा निर्णय १९८७ मध्येच घेतला होता. महाराष्ट्रात आज अनेक क्लबांचे अध्यक्षपद महिलांकडे असते. मात्र मासिक पाळीतील आरोग्य, शाळेतील मुलींची स्वच्छतागृहे, रक्ताल्पता हे विषय क्लबांच्या कार्यक्रमपत्रिकेवर ठळकपणे येण्यास बराच उशीर झाला, हेही खरे.

तरुणांसाठी रोटरीचे इंटरॅक्ट व रोटरॅक्ट आणि लायन्सचे लिओ क्लब आहेत. जेसीज तर मुळातच चाळिशीच्या आतील तरुणांची संघटना. महाविद्यालयांत १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना सुरू आहे. गावात आठवडाभर मुक्काम करून श्रमदान करणारी तिची शिबिरे ग्रामीण महाराष्ट्राला सुपरिचित आहेत. क्लबांकडे पैसा व संपर्क, तर या मुलांकडे वेळ व गावाची ओळख. दोघांची सांगड जेथे बसते, तेथे काम सोपे होते.

दृष्टीचे काम

सेवाभावी क्लब आणि नेत्रशिबिर हे समीकरण लायन्समुळे रूढ झाले. १९२५ साली अमेरिकेतील सीडर पॉइंट येथे झालेल्या लायन्सच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी सदस्यांना अंधत्वाविरुद्धच्या लढ्यात उतरण्याचे आवाहन केले. तेव्हापासून दृष्टी हे लायन्सचे मुख्य कार्यक्षेत्र ठरले.

भारतातील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हेच आहे. केंद्र सरकारने १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्या काळात शाळा, धर्मशाळा वा तंबूत तात्पुरते शस्त्रक्रियागृह उभारून एका दिवसात मोठ्या संख्येने शस्त्रक्रिया केल्या जात. त्या वेळी गावाजवळ दुसरी सोयच नव्हती. परंतु अशा ठिकाणी जंतुसंसर्गाचा धोका राहतो आणि संसर्ग झाल्यास आहे ती दृष्टीही जाते. डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची पद्धत सर्वत्र आली, तशी सुसज्ज शस्त्रक्रियागृहाची गरज अपरिहार्य झाली. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साह्याने सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रण प्रकल्प राबविला गेला. त्यात महाराष्ट्राचा समावेश होता. त्यानंतर शिबिराचा अर्थच बदलला. गावात केवळ तपासणी करायची, रुग्णाला वाहनाने रुग्णालयात न्यायचे, शस्त्रक्रियेनंतर परत आणून सोडायचे आणि पुढील तपासण्या ठरल्याप्रमाणे करायच्या, ही पद्धत मान्य झाली. अशा शस्त्रक्रियांसाठी मान्यताप्राप्त सेवाभावी रुग्णालयांना सरकारी अनुदानही मिळते.

या बदलाने क्लबांपुढे निवड ठेवली. काहींनी तपासणी शिबिरांवर समाधान मानले. काहींनी रुग्णालये उभी केली वा त्यांना बळ दिले. मिरजेचे लायन्स नॅब नेत्र रुग्णालय आणि लातूर जिल्ह्यातील उदगीरचे उदयगिरी लायन्स नेत्र रुग्णालय ही दुसऱ्या वाटेची उदाहरणे होत. जालन्याचे श्री गणपती नेत्रालय हे क्लबचे नसले तरी मराठवाड्यातील रुग्णांचा मोठा आधार बनले आहे. अशी रुग्णालये असल्यामुळेच गावातील एका दिवसाच्या तपासणीला अर्थ प्राप्त होतो.

पुसेगावसारख्या गावातील वृद्ध रुग्णाच्या बाजूने पाहिले तर अडचण केवळ शस्त्रक्रियेच्या खर्चाची नसते. सोबत कोणी तरी यावे लागते आणि त्याची मजुरी बुडते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळ्यांत थेंब घालावे लागतात. धूर, धूळ आणि शेतातील कामे टाळावी लागतात. तपासणीसाठी पुन्हा जावे लागते आणि प्रसंगी चष्मा बदलावा लागतो. शस्त्रक्रिया मोफत असूनही लोक का येत नाहीत, याचे उत्तर या तपशिलांत दडलेले असते. ज्या क्लबने परतीच्या गाडीची, दुसऱ्या तपासणीची आणि थेंबांच्या दुसऱ्या बाटलीची तजवीज केली, त्याचे शिबिर पूर्ण झाले असे म्हणता येते.

कृत्रिम अवयवांचेही असेच आहे. रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेला 'जयपूर फूट' क्लबांच्या शिबिरांमुळे खेडोपाडी पोहोचला. अनवाणी चालता येते, मांडी घालून बसता येते, चिखलात उतरता येते, म्हणून शेतकऱ्याला तो सोयीचा. पण तो झिजतो आणि काही वर्षांनी बदलावा लागतो. वाढत्या वयाच्या मुलाला तर अधिक लवकर. शिबिराचा फलक उतरल्यावर दुरुस्तीसाठी कोठे जायचे, हे त्या माणसाला ठाऊक असणे आवश्यक ठरते.

रक्त एकाच दिवशी नको

रक्तदान शिबिर हा क्लबांचा सर्वांत लोकप्रिय कार्यक्रम. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली आणि ऐच्छिक रक्तदात्यांचे महत्त्व वाढले. महाराष्ट्र या बाबतीत आघाडीच्या राज्यांत गणला जातो आणि त्यात क्लबांचा वाटा निश्चितच आहे.

तथापि रक्त साठवून ठेवण्याला मर्यादा असते. रक्त पिशवीतील द्रवानुसार साधारण ३५ ते ४२ दिवस टिकते आणि प्लेटलेट्स तर पाचच दिवस. जयंती, वर्धापनदिन, नेत्यांचे वाढदिवस यांना शिबिरांची गर्दी होते आणि मे महिन्यात महाविद्यालये बंद असताना रक्तपेढ्या रिकाम्या पडतात. एकाच दिवशी पाचशे पिशव्या जमविण्यापेक्षा वर्षभर दर महिन्याला चाळीस पिशव्या जमविणे रुग्णाच्या अधिक उपयोगाचे आहे. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. त्यामुळे गावातील दात्यांची रक्तगटनिहाय यादी करून ती नजीकच्या रक्तपेढीकडे व ग्रामीण रुग्णालयाकडे ठेवणे, हा बिनखर्चाचा पण दीर्घकाळ उपयोगी पडणारा प्रकल्प होय.

पोलिओचा धडा

सेवाभावी क्लबांच्या इतिहासातील सर्वांत मोठे यश म्हणजे पोलिओविरुद्धची मोहीम. रोटरीने १९८५ मध्ये 'पोलिओप्लस' कार्यक्रम जाहीर केला. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र यांच्यासह जागतिक पोलिओ निर्मूलन मोहीम सुरू झाली. त्या वर्षी जगात पोलिओचे अंदाजे साडेतीन लाख रुग्ण होते. भारतात १९९५ पासून 'पल्स पोलिओ' मोहीम देशभर राबविली जाऊ लागली आणि 'दो बूँद जिंदगी के' हे शब्द घराघरांत पोहोचले.

या मोहिमेचा खरा भार वाहिला तो सरकारी आरोग्य कर्मचारी, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्यांनी. क्लबांनी निधी उभा केला, बूथवर माणसे दिली, वाहने पुरविली, फलक लावले, शंका घेणाऱ्या वस्त्यांत जाऊन समजूत घातली आणि मोहीम रेंगाळू नये म्हणून सरकारांकडे पाठपुरावा केला. २००९ साली देशात ७४१ रुग्ण आढळले होते, २०१० मध्ये ४२ आणि २०११ मध्ये केवळ एक. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळलेला तो नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातील अखेरचा रुग्ण ठरला. २७ मार्च २०१४ रोजी भारताचा समावेश असलेला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

या यशातून मिळणारा धडा साधा आहे. एकच काम, वर्षानुवर्षे, अध्यक्ष बदलले तरी न बदलता केले गेले. सरकारी यंत्रणेला पर्याय उभा करण्याऐवजी तिला जोड दिली गेली. प्रत्येक फेरीनंतर कोणते मूल राहिले याची नोंद झाली. गावपातळीवरील लहान प्रकल्पालाही याच तीन गोष्टी लागू पडतात.

पाणी, झाडे आणि शाळा

मराठवाड्यात सेवाकार्याचा विचार पाण्यावाचून पूर्ण होत नाही. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते साऱ्या देशाने पाहिले. त्या काळात नाम फाउंडेशन व पाणी फाउंडेशन यांच्या कामामुळे जलसंधारणाची चळवळ गावोगाव पोहोचली. क्लबांनीही टँकर, टाक्या, सिमेंट नालाबांध, गाळ उपसणे अशी कामे हाती घेतली.

टँकर तहान भागवितो, बंधारा पाणी धरतो, पण बंधाऱ्यालाही देखभाल लागते. मराठवाड्याचा बहुतांश भूभाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. त्यात पाणी मुरण्यास व साठण्यास मर्यादा असल्याने बंधाऱ्याची जागा चुकली तर खर्च वाया जातो. गाळ वेळोवेळी काढला नाही तर काही पावसाळ्यांतच साठा घटतो. उपसलेला सुपीक गाळ शेतकरी स्वखर्चाने वाहून नेणार असतील तर काम स्वस्त होते. राज्य सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना याच तत्त्वावर आखलेली आहे.

वृक्षारोपणाची गोष्ट याहून बोलकी आहे. जुलै महिन्यात नवे पदाधिकारी आले की पहिला कार्यक्रम रोपे लावण्याचा. खरी कसोटी लागते ती पुढील एप्रिल-मेमध्ये, जेव्हा विहिरी आटतात आणि मोकाट जनावरे हिरवे पान शोधत फिरतात. पाचशे खड्डे खणण्यापेक्षा पन्नास रोपांना कुंपण आणि दोन उन्हाळ्यांचे पाणी देणे गावाला अधिक परवडते.

शाळांना संगणक, फळे, पाणी शुद्धीकरण यंत्रे, हात धुण्याच्या जागा व स्वच्छतागृहे देण्याचे काम क्लब मोठ्या प्रमाणावर करतात. येथेही प्रश्न तोच. यंत्राची गाळणी कोण बदलणार, विजेचे बिल कोण भरणार, स्वच्छतागृहाला पाणी कोठून येणार आणि ते रोज धुणार कोण, याची उत्तरे उद्घाटनाआधी मिळाली नाहीत तर काही महिन्यांत दाराला कुलूप लागते. कुलूपबंद स्वच्छतागृहाचा फटका बसतो तो वयात येणाऱ्या मुलींच्या उपस्थितीला.

टीका आणि तिचा अर्थ

सेवाभावी क्लबांवर होणारी टीका नवी नाही. सेवेपेक्षा सत्कार अधिक, कामापेक्षा छायाचित्रे अधिक, पदांसाठी चढाओढ आणि भोजनांवर खर्च, हे आक्षेप सर्वश्रुत आहेत. त्यातील काही अतिशयोक्त असले तरी एक आक्षेप गंभीर आहे. क्लबचा अध्यक्ष दर वर्षी बदलतो आणि प्रत्येकाला आपल्या कारकिर्दीत नवे काही केल्याचे दाखवायचे असते. परिणामी आदल्या वर्षीचे काम पोरके होते. गावाची गरज बारा महिन्यांत बसत नाही.

दुसरी बाजूही पाहावी लागेल. सरकारी मंजुरीला जेथे महिने लागतात तेथे क्लब आठवड्यात निर्णय घेऊ शकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा राज्याच्या कानाकोपऱ्यांतून स्वयंसेवी संस्था, क्लब आणि मंडळे मदत घेऊन धावली. पुण्यातील भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. पहिल्या आठवड्यात धान्य व कपडे नेणारे हात असंख्य होते. मुलांचे शिक्षण पूर्ण होईपर्यंतची जबाबदारी घेणारे थोडे होते. दोहोंची गरज होती, पण दुसऱ्या प्रकारच्या कामाने आयुष्ये मार्गी लागली.

गावाने काय विचारावे

मदत घेणाऱ्याने प्रश्न विचारू नयेत, असा एक संकोच आपल्याकडे असतो. वस्तुतः प्रश्न विचारणारे गावच क्लबला अधिक उपयोगी पडते. क्लबने पाहणीला येण्यापूर्वी ग्रामसभेने आपल्या गरजांची क्रमवारी ठरवून ठेवलेली असावी. मोतीबिंदूचे संशयित रुग्ण, दिव्यांग व्यक्ती, शाळेतील गळती यांची माहिती आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका आणि मुख्याध्यापक यांच्याकडे बहुधा असतेच. ती एकत्र केली तर शिबिराचा निम्मा वेळ वाचतो.

शिबिराची तारीखही गावाच्या सोयीने ठरावी. मराठवाड्यातील अनेक गावांतून ऊसतोडणीसाठी दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ज्यांना उपचारांची गरज सर्वाधिक, तीच माणसे हिवाळ्यातील शिबिरात नसतात. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत भरविलेल्या शिबिरालाही गर्दी होत नाही. हे शहरातील पदाधिकाऱ्यांना ठाऊक असेलच असे नाही. ते गावानेच सांगावयास हवे.

यापुढचे प्रश्न मोजकेच आहेत. शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात होईल आणि दुसऱ्या तपासणीची तारीख कोणती? दिलेली वस्तू बिघडल्यास दुरुस्ती कोण करील? क्लबमधील कोणती व्यक्ती पुढील अध्यक्षाच्या काळातही या गावाशी संपर्क ठेवील? गावाचा वाटा काय, श्रमाचा की पैशाचा? आणि वर्षभराने येऊन पाहणार कोण? ही उत्तरे कागदावर उतरवून ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवली तर पुढच्या वर्षी नवा अध्यक्ष आला तरी धागा तुटत नाही.

शहरी वाचकांपैकी अनेक जण अशा क्लबांचे सदस्य आहेत, देणगीदार आहेत किंवा कधी ना कधी एखाद्या शिबिरात राबलेले आहेत. त्यांच्या दृष्टीने सेनगाव तालुक्यातील पुसेगाव हे वार्षिक अहवालातील एका ओळीचे नाव असू शकते. तेथील वृद्धेच्या दृष्टीने मात्र क्लब म्हणजे तिला पुन्हा दिसू लागले की नाही, एवढेच. अहवालात किती जणांची तपासणी झाली हा आकडा असतोच. त्याच्या शेजारी किती जणांना दिसू लागले, हा दुसरा आकडा लिहिण्याची पद्धत पडली, तर शिबिरानंतर काय, हा प्रश्न विचारण्याची वेळ कोणावर येणार नाही.